चुलीच्या पाच जागा

पहिली वैशाली. घास तोंडात असतानाच तिने दोन्ही हातांनी गळा धरला आणि ताटावरून उठली. मी म्हणाले, उष्ट्या हाताने कुठे चाललीस? तिला बोलायचं होतं, बोलता येत नव्हतं. तोंडातून लाळ गळत होती. मग तिच्या शेजारची उठली, मग समोरची अख्खी ओळ. एकोणचाळीस मुली, सगळ्या आठवीच्या, आदल्या दिवशीच शाळेत आलेल्या; चाळिसावी अजून यायची होती. कुणी जीभ बाहेर काढून फरशीवर थुंकत होती, कुणी पाण्याच्या पिंपात हात घालत होती. ओठ सुजून जाड झाले होते. वैशालीचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. भर दुपारची वेळ, आणि मी हातात भाताचं वाढणं धरून तशीच उभी.

इंदे, तू ऑफिसातून अनवाणी पळत आलीस. चौथीतली लंगडी सोडली तर तुला पळताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. तू मला काही विचारलं नाहीस. वैशालीला बगलेत धरून दाराकडे नेलंस आणि दूध डेअरीचा टेम्पो रस्त्यावर आडवी उभी राहून थांबवलास. दुधाचे कॅन खाली उतरले आणि मुली वर चढल्या.

आणि मागे स्वयंपाकघरात एक मुलगी चिंचेचा डबा फोडत होती. झाकण उघडेना म्हणून तिने तो फरशीवर आपटला. तिचेही ओठ सुजले होते. ती प्रत्येकीच्या तोंडात चिंचेचा गोळा कोंबत टेम्पोपर्यंत गेली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिचं नाव मंदा.

तू गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. शाळेची स्मरणिका निघणार आहे, त्यात सगळ्यांनी लिहायचं म्हणाले. बाकीचे तुझा जन्म, शिक्षण, पुरस्कार लिहितील. ते मला माहीत नाही आणि त्यात मला रस नाही. मी चौथी पास. तूच मला कोठीची वही लिहायला लावलीस म्हणून हात चालतो. चुका ग्रंथालयातल्या बाईंनी दुरुस्त केल्यात, पण म्हणणं माझं आहे.

शाळेत मी तुला बाई म्हणायचे, तुम्ही म्हणायचे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आलीस की इंदे. हे आपण कधी ठरवलं नव्हतं. एकदा एका नव्या शिक्षिकेने आत येऊन ऐकलं, मी तुला म्हणत होते, "इंदे, सर बाजूला, पाय भाजंल." ती बिचारी दारातच थिजली. तू म्हणालीस, आम्ही राजुरीच्या शाळेत एका पाटीवर लिहिलंय, तिला तो हक्क आहे. एका पाटीवर लिहिलं ते खरं, कारण तुझी पाटी तू फोडली होतीस.

चौथीत हौसा माझ्यापुढे होती, हे तू दर वर्षी नव्या मुलींना सांगायचीस. मला ते आवडत नसे. तोंडी हिशेबात मी पुढे होते, एवढंच. पुढे तू शिकलीस आणि मी भाकऱ्या थापल्या. त्यात तुझा दोष नव्हता आणि ते तू सारखं बोलून दाखवावं असंही काही नव्हतं. पण तुला ते विसरता येत नसे, आणि आता वाटतं की शाळा त्यातूनच निघाली.

कशी निघाली ते नव्या लोकांना माहीत नाही. आता गेटपाशी मोठी कमान आहे, म्हणून त्यांना वाटतं आधी कमान आली. आधी आली कांद्याची वखार. बाजारातल्या शेठजींनी दिली. त्यांचं घराणं राजस्थानातून आलेलं, जैन. घरात कांदा नाही, आणि वखार भरून कांदा. पहिल्या वर्षी अकरा मुली आणि दोन शिक्षिका, आणि वह्यांनासुद्धा कांद्याचा वास. शेठजींची एकच अट होती, माझ्या वास्तूत कंदमुळं शिजवू नका. तू म्हणालीस, मुली बटाटे खाणार, शेठजी. त्यांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. मग म्हणाले, "मग मला सांगू नका म्हंजे झालं." भला माणूस.

वर्गाच्या आधी तू संडास बांधायला घेतलेस. बारा. गावातली माणसं बघायला यायची, की अकरा पोरी आणि बारा संडास, ही बाई शाळा काढतीय का धर्मशाळा. देणगीदाराचं नाव दगडावर कोरायची पद्धत, म्हणून तू शेठजींचं नाव संडासाच्या भिंतीवर लावायला काढलंस. ते हादरले. "माझं नाव संडासावर?" तू शांतपणे म्हणालीस, सध्या तेवढीच इमारत आहे, वर्ग झाले की तिकडे लावू. सहा महिन्यांत तीन वर्ग उभे राहिले. तू हे मुद्दाम केलंस का, असं मी तुला कितीदा विचारलं. तू नुसती हसायचीस. आता विचारून उपयोग नाही, पण मुद्दामच केलंस.

मग प्रयोगशाळा. जुन्या वाड्यांचे दरवाजे विकत आणून त्यांची टेबलं केली, त्यांच्या कड्या अजून तशाच आहेत. पोरी परीक्षानळ्या कड्यांना टांगायच्या. ग्रंथालयाला तू कपाटं घेतली नाहीस. कांदा वाळवायच्या मांडण्या होत्या, त्यांवर पुस्तकं लावलीस. कुलूप नाही. संस्थेचे कार्यवाह म्हणाले, पुस्तकं चोरीला जातील. तू म्हणालीस, मुलीने पुस्तक चोरलं तर मी तिचा सत्कार करीन. खेळाचं मैदान खडकाळ होतं, ते मुलींनी आणि आपण वेचून सपाट केलं. धावायच्या रेषा चुन्याने आखायच्या, पाऊस झाला की पुन्हा. पुढे छपरावर गरम पाण्याच्या टाक्या आल्या, गोबरगॅस आला, कॉम्प्युटरची खोली आली, बिबट्यामुळे उंच भिंत आली. मी या सगळ्याकडे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. एवढ्या जवळून कुणी पाहिलं नसेल. जुन्नर-आंबेगावात अशी शाळा दुसरी नाही हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हणाले नाही. आता म्हणते.

आपलं भांडण मात्र एकच होतं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. परीक्षा.

वर्षाला चाळीस मुली घ्यायच्या. चाळीसच का, तर चाळीस खाटा. अर्ज चारशे यायला लागले तेव्हा तू लेखी परीक्षा ठेवलीस. यादी गेटवर लागायची आणि तुझा नियम होता की यादीत बदल नाही, मग आमदाराचा फोन येवो नाहीतर शेठजींची नात असो. ती नात एक वर्ष खरंच नापास झाली आणि तू घेतली नाहीस. त्याबद्दल मी तुला मानते.

पण मी यादी वाचायचे. कळंबची, राजुरीची, बाजारगावातली, क्लास लावलेल्या मुली. पश्चिमेकडच्या डोंगरातली, भात-नाचणी करणाऱ्यांची पोर यादीत कधी नाही. ती परीक्षेला यायची. एसटीने पहाटेची निघून, कडेवर धाकटं भावंड आणून, त्याला आमच्या ओट्यावर झोपवून पेपर लिहायची. मी त्या भावंडांना पेज पाजायचे. आणि यादी लागली की त्या आल्या वाटेने परत.

मी तुला म्हणाले, "इंदे, तुझा पेपर पोरीला न्हाई तपासत. तिच्या घरी दिवा कुणी लावला ते तपासतो."

तू चिडलीस. म्हणालीस, मग काय चिठ्ठ्या टाकू? कशावरून निवडू, तू सांग. तुला कळतं ना, मग तूच निवड.

रागात बोललीस. पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत आलीस, कोठीतल्या गव्हाच्या पोत्यावर बसलीस आणि म्हणालीस, पस्तीस माझ्या, पाच तुझ्या. लेखी झाल्यावर सगळ्या मुली दुपारी स्वयंपाकघरात येतील. तू कशी निवडतेस ते मी विचारणार नाही. कागदावर त्याला मुख्याध्यापिकांची शिफारस असं नाव होतं. पोरी म्हणायच्या चुलीच्या पाच जागा. तोवर चूल जाऊन गॅस आला होता, तरी नाव तेच पडलं.

तू खरंच तीन वर्षं विचारलं नाहीस. मग राहवलं नाही. तेव्हा मी तुला दाखवलं. मुलींना चार-चारच्या गटाने बोलवायचं. तांदूळ निवडायला द्यायचे, गप्पा मारायच्या. त्यांच्यासमोर मी आमटीत मीठ टाकायचं. सगळ्यांनी बघितलं पाहिजे असं टाकायचं. मग थोड्या वेळाने एकीला सांगायचं, आमटीत मीठ टाक गं. बहुतेक पोरी टाकतात. मोठ्या माणसाने सांगितलं, टाकलं. काही घुटमळतात आणि टाकतात. एखादीच असते, ती म्हणते, मावशी, आत्ता तुमीच टाकलं की. ती माझी.

तू कपाळाला हात लावलास. म्हणालीस, शिकवायला कठीण अशाच मुली तू वेचून आणतेस होय, म्हणून त्या पाच जणी वर्गात मास्तरणींचा जीव खातात. मी म्हणाले, तुझ्या पेपरात हा प्रश्न न्हाई म्हणून मी घातला. तू लई हसलीस. त्या दिवशीच्या आमटीला तीनदा मीठ पडलं होतं आणि तू ती तशीच खाल्लीस.

त्या वर्षी मंदा आली. आंबेगावच्या वरच्या अंगाची, बाप भात लावायचा आणि हिरडा गोळा करायचा. बुजरी, हडकुळी, बोलायला कमी. मी मीठ टाकायला सांगितलं तर तिने मीठ हातात घेतलं, आमटीकडे पाहिलं आणि मूठ परत डब्यात सोडली. म्हणाली, "खारट हुईल, मावशी. मघा टाकलंया तुमी." मी तिचं नाव पहिलं लिहिलं.

जून महिन्यात शाळा सुरू झाली तेव्हा तिचा बाप तिला सोडायला आला. त्या लोकांत पोर रिकाम्या हाताने सोडायची नाही अशी रीत आहे. त्याने एक पोतं आणलं होतं, त्यात लोत. ही डोंगरातली रानभाजी, पावसाळ्याच्या तोंडाला जमिनीतून कोंब वर येतो, सुरणाच्या जातीची. त्यांच्याकडे ती पाहुण्याला करतात. भाजी किती, तर एका पंगतीला पुरेल एवढीच. मी ठरवलं, नव्या मुलींना घालू.

मी राजुरीची. बागायतीतली. पालेभाजी म्हणजे मेथी, शेपू, पोकळा. लोत मी आयुष्यात शिजवली नव्हती. पण अडीचशे माणसांचा स्वयंपाक करणारी बाई ते कबूल करत नाही. मी ती चिरली, लसूण-मिरचीवर परतली आणि डाळ घालून शिजवली. भाजी दिसायला छान झाली.

आता जे सांगते ते तू माझ्याकडून ऐकलं नाहीस. ऐकायची वाट मात्र पाहिलीस.

भाजी गॅसवर असताना मंदा आली. तिचा त्या दिवशी वाढपाचा नंबर होता. तिने पातेल्यात पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, यात आंबट घातलं का? चिंच घालून उकळून पाणी टाकायचं असतं. न्हाई तर गळा धरतो." बापाने एसटीत चढताना तिला बजावलं होतं, मावशीला सांग म्हणून.

चिंचेचा डबा माझ्या डोक्याच्या वर, हात लांब केला तर मिळेल एवढ्यावर होता. अळूला चिंच का घालतात हे मला लहानपणापासून ठाऊक. ती म्हणत होती त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पण वाढपाच्या बाकीच्या पोरी ऐकत होत्या, दोन मदतनीस बाया ऐकत होत्या. मी म्हणाले, मला शिकवू नको, वीस वर्षं रांधतेय. ती तिथेच उभी. मग मी म्हणाले, "जा. गप जेव."

ती गेली. वाढून झाल्यावर पंगतीत बसली आणि जेवली. तिला ठाऊक होतं, तरी जेवली. मावशी म्हणाली म्हणून.

तुझा नियम होता की पहिला घास तू खायचा, मग घंटा. त्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब ऑफिसात बसले होते. तू निरोप पाठवलास, आज घंटा द्या, मी मागून येते. मी स्वयंपाक करणारी, मी नेहमी शेवटी जेवते. म्हणजे घास न घेतलेल्या आपण दोघीच.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, ताक पाजलं. संध्याकाळपर्यंत बहुतेकींची सूज उतरली. वैशालीला तीन दिवस ठेवून घेतलं. त्या तीन दिवसांत मी घरी गेले नाही आणि देवाचं नावही घेतलं नाही, कारण काय तोंडाने घ्यायचं. तू पालकांसमोर उभी राहिलीस. एक बाप तुझ्या अंगावर धावून आला, तू मागे सरली नाहीस.

मग संस्थेची बैठक झाली. भाजी कुठून आली हे सगळ्यांना कळलं होतं. रानातली पोर विष घेऊन आली, असंच बोललं जात होतं. कार्यवाहांनी दोन गोष्टी मांडल्या. त्या मुलीला घरी पाठवा आणि चुलीच्या जागा बंद करा. मी दाराशी चहा घेऊन उभी होते. तोंड उघडायला तीच वेळ होती. मी कप मोजत राहिले.

तू म्हणालीस, नियमाप्रमाणे पहिला घास मी घ्यायचा होता. मी घेतला नाही. घेतला असता तर पंगत बसलीच नसती. म्हणजे चूक माझी आहे, काढायचं तर मला काढा.

तेव्हा आपल्या दोघींना ते खरंच वाटलं. त्यांना तुला काढता येईना, कारण तुझ्याशिवाय शाळा चालवणार कोण. मंदा राहिली, पाच जागा राहिल्या. पण बोलणं राहिलंच. तिसऱ्या वर्षापर्यंत पोरी तिला चिडवायच्या, मंदाच्या डब्यातलं खाऊ नका, गळा धरेल. ती कुणाला उलट बोलली नाही. माझं नाव तिने कधी घेतलं नाही. आणि मी ते चिडवणं खिडकीतून ऐकत पोळ्या लाटल्या.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी तू उंबऱ्याच्या आत आलीस. मी तेच पातेलं घासत होते. तू पोत्यावर बसलीस आणि विचारलंस, "हौसा, त्या पोरीने तुला काही सांगितलं होतं का?"

मी मान वर केली नाही. म्हणाले, "पोरी लई काय काय सांगत्यात."

तू पोत्यावरून उठलीस. मग म्हणालीस, "मी तुझ्या वतीने बोलणार नाही. तुला वाटेल तेव्हा तू सांग. पण सांग."

पुन्हा त्या शब्दांत कधी विचारलं नाहीस. फक्त दर वर्षी परीक्षेच्या दुपारी, मी मिठाचा डबा काढला की तू दारात यायचीस आणि म्हणायचीस, "अजून नाही?" मी म्हणायचे, "न्हाई." तू निघून जायचीस. बाकीच्यांना वाटायचं, मुली निवडून झाल्या का असं विचारतेस.

तू रागावली असतीस तर मला सोपं गेलं असतं. तू मला हाकलली असतीस तरी चाललं असतं. तू नुसती थांबलीस. तुझी हीच खोड मला सहन होत नसे. चौथीतसुद्धा पाटीवरचा हिशेब चुकला की तू मला उत्तर सांगायची नाहीस, पेन्सिल धरून बघत बसायचीस.

आणि त्या दिवसापासून तू घंटेची वेळ बदललीस. आधी एक घास खायचीस, आता पूर्ण ताट घेऊन बसायला लागलीस, आणि जेवण झाल्यावर दहा मिनिटं तशीच बसून राहायचीस. मग घंटा. मुली कुरकुरायच्या की भात गार होतो. शिक्षिका म्हणायच्या, बाईंना वय झाल्यावर विक्षिप्तपणा आलाय. लोतीला गळा धरायला दहा मिनिटं लागतात, एका घासावर कळलं नसतं, हे नंतर मला आणि तुलाच कळलं. तुला ताप असताना तू आलीस. गुडघे गेले तेव्हा खुर्ची लावून घेतलीस, पण आलीस. मी रोज तुझ्यासमोर ताट ठेवायचे आणि रोज ती दहा मिनिटं मोजायचे. एवढ्या वर्षांत तू एक शब्द बोलली नाहीस आणि मीही नाही. इंदे, आपण दोघी काही कमी अडेलतट्टू नव्हतो.

शेवटच्या दिवसांत मी दवाखान्यात तुझ्याजवळ बसायचे. तेव्हा सांगता आलं असतं. तू झोपेत होतीस असं मी लोकांना सांगते, पण एकदा चांगली जागी होतीस. माझ्याकडे बघत होतीस. पेन्सिल धरून बसल्यासारखी. मी म्हणाले, मोसंबीचा रस आणू का? तू मान हलवून हो म्हणालीस. मी रस आणायला गेले.

तेराव्यानंतर शाळेत शोकसभा झाली. नव्या सभागृहात, तू बांधून घेतलेल्या. जागा पुरली नाही, पोरी बाहेर मैदानात बसल्या. जुन्या मुली आल्या होत्या, कडेवर लेकरं घेऊन, काही नोकरीतून थेट. मंदाही आली. ती वनखात्यात आहे, वनरक्षक. जुन्नरकडे बिबट्या विहिरीत पडला की पिंजरा घेऊन जातात त्यांच्यात ती असते. गणवेशातच आली आणि मागे भिंतीला टेकून उभी राहिली.

भाषणं झाली. मग कार्यवाह उठले. म्हातारे झालेत तेही. तुझ्याबद्दल चांगलं बोलले, मनापासून बोलले. शेवटी म्हणाले, बाईंचं स्वप्न गुणवत्तेचं होतं. त्यांनी प्रवेशात काही प्रयोग केले, त्यातल्या एका मुलीमुळे एक दुर्घटनाही झाली, पण ते मागे टाकून यंदापासून चाळीसही जागा लेखी परीक्षेवर भरायचा विचार आहे.

लोक मान हलवत होते. मी मंदाकडे पाहिलं. तिने खाली पाहिलं, जसं शाळेत असताना पाहायची तसं. इतकी वर्षं झाली, बिबट्याला घाबरत नाही, आणि या वाक्याला मान खाली.

मला कुणी बोलायला बोलावलं नव्हतं. मी उठले. माइकपर्यंत जायला गुडघ्यांना वेळ लागला. मी तुझ्या फोटोकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर जमलं नसतं.

मी म्हणाले, "त्या पोरीनं मला सांगितलं व्हतं. आंबट घाला म्हणली, न्हाई तर गळा धरतो म्हणली. चिंच माझ्या हाताशी व्हती. म्या तिला गप जेव म्हणलं. चूक तिची न्हाई, बाईंची न्हाई. माझी हाय." आणि मिठाचंही सांगितलं. पोरगी कशी निवडते ते. म्हणाले, मोठ्या माणसाला चुकलं म्हणणारी पोर पाहिजे म्हणून मी तिला आणली, आणि ती म्हणली तेव्हा मीच ऐकलं न्हाई. परीक्षेत ती पास झाली, मी नापास झाले. काढायचं तर मला काढा, पाच जागा काढू नका.

कार्यवाह खाली बसले, मग पुन्हा उठले, म्हणाले, मावशी, हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं? मी म्हणाले, भ्याले.

मंदा मागून पुढे आली. मला वाटलं काहीतरी सुनावेल, आणि तिने सुनवावं अशी माझी तयारी होती. ती माझ्यासमोर उभी राहिली. सगळ्यांना ऐकू गेलं नसेल, मला गेलं. म्हणाली, "मावशी, मला वाटायचं मीच हळू बोलले."

एवढी वर्षं ती पोर ते घेऊन फिरत होती. मोठ्याने सांगायला हवं होतं, पुन्हा सांगायला हवं होतं, ताट उधळायला हवं होतं.

मी म्हणाले, "हळू न्हवतीस बोलली. मला नीट ऐकू आलं व्हतं."

ती माझ्या शेजारी खुर्चीवर बसली. सभा संपेपर्यंत उठली नाही.

चुलीच्या पाच जागा यंदापुरत्या ठेवल्या आहेत. पुढचं पुढच्या बैठकीत. परीक्षेच्या दुपारी मंदा रजा काढून येणार आहे, मीठ तीच टाकायला सांगणार. मी स्वयंपाकघर सोडलं. रोज जेवायच्या आधी तुझ्या खुर्चीत आता नव्या मुख्याध्यापिका बसतात. पूर्ण ताट खातात आणि दहा मिनिटं थांबतात. का थांबायचं ते त्यांना आता माहीत आहे.

यंदा कुणी दारात येऊन अजून नाही का, असं विचारणार नाही. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. तुला हवं होतं तेव्हा दिलं नाही, ही गोष्ट काही बदलत नाही, आणि मी त्यावर रडत बसणार नाही. तुला ते आवडलं नसतं. शाळा बांधलीस, दर वर्षी साडेतीनशे पोरींना नाही म्हणालीस आणि चाळिसांना हो म्हणालीस, आणि माझ्यासाठी थांबलीस. तेवढं बास आहे.

त्या पंगतीत एकोणचाळीस मुली जेवायला बसल्या होत्या. एकोणचाळीसही जगल्या.